एकवीस जीपांचा एक आवाज

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका जीपमध्ये येऊन बसा. पुढच्या सीटवर, खिडकीपाशी. हातात स्टीलचा पेला धरा. पेला काठोकाठ भरलेला आहे. आता जीप घाट उतरू लागली. रस्ता उखडलेला आहे, वळणावळणाला खड्डे आहेत, एका जागी तर मोरीचा पाइपच वर आला आहे. पेल्यातल्या पाण्याकडे बघा. हलते आहे ना? पण सांडत नाही. एक थेंबही नाही.

तुम्ही म्हणाल, असे कुठे असते का? अजून नाही. पण तुम्ही माझ्याएवढे होण्याच्या कितीतरी आधी असेल. म्हणून ते कसे होते ते आधी समजून घेऊ, मग तेजलची गोष्ट सांगतो.

गाडीचे चाक आणि गाडीचे धड यांच्यामध्ये एक नळा असतो. गॅरेजवाले त्याला शॉकअप म्हणतात. त्यात तेल असते. चाक खड्ड्यात आदळले की नळा दबतो, तेल बारीक भोकांतून पलीकडे पळते आणि धक्का जिरतो. या नव्या विजेच्या जीपांमधल्या तेलात लोखंडाची, मैद्याहूनही बारीक अशी पूड मिसळलेली होती. नळ्याभोवती तारेचे वेटोळे होते. तारेतून वीज सोडली की वेटोळ्याचे लोहचुंबक होई, पूड रांगा धरून उभी राही आणि पातळ तेल डोळ्याचे पाते लवायच्या आत काकवीसारखे दाट होई. वीज थांबली की पुन्हा पातळ. कधी दाट व्हायचे आणि कधी पातळ, हे जीपमधला छोटा संगणक ठरवी. रोजच्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ झालेला असे, त्यामुळे चाक खड्ड्यात पडायच्या आधीच तो तयार असे.

कुसरवाडीच्या पठारावर अशा एकवीस जीपा होत्या. पठारापासून खालच्या शिंगणगावापर्यंत सात किलोमीटरचा घाट, आणि एसटी दिवसातून दोनदा. बाकी सगळा भार वडापवर, म्हणजे माणसे भरून ने-आण करणाऱ्या या जीपांवर. शाळेच्या शिक्षिका खालून वर येत, दूध-भाजी वरून खाली जाई, आजारी माणूस दवाखान्यात जाई, सगळे या जीपांमधून. नव्या जीपा आल्या तेव्हा बाया म्हणाल्या, आता अंड्यांची पाटी मांडीवर घ्यायला नको, टपावर टाकली तरी चालेल.

तेजल शेडगे सातवीत होती. तिचे वडील भगवान शेडगे यांची जीप स्टँडवर सहाव्या नंबरला लागे. सुट्टीच्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसून खाली-वर करी आणि वडिलांना पडद्यावरचे निरोप वाचून दाखवी. वडिलांना वाचता येत नव्हते असे नाही. पण चष्मा शोधण्यापेक्षा पोरगी बरी, असे ते म्हणत.

असाच एक निरोप तिने वाचला.

"पप्पा, कंपनीनं आपली जीप परत बोलावलीय."

"परत? दिलेली गाडी परत घेतात काय?"

"तसं नाही ओ. रिकॉल. पुढच्या डाव्या चाकाचा हात बदलून देणार आहेत. फुकट."

हा हात म्हणजे काय, ते सांगतो. चाकाला जीपशी धरून ठेवणारा एक जाडजूड लोखंडी भाग असतो, तुमच्या खांद्यापासून कोपरापर्यंतच्या हाडासारखा. तो मोडला तर चाक आडवे होते. काही महिन्यांत बनलेल्या हातांचा सांधा कच्चा राहून गेला होता. वापरता वापरता त्याला केसासारखी बारीक भेग जाई आणि ती हळूहळू वाढे.

आता यातली खरी गोम ऐका. जुन्या गाडीत असे काही झाले की गाडी बोंब मारी. खडखड वाजे, स्टेअरिंग एका बाजूला ओढे. ड्रायव्हर खाली उतरून बघे. या जीपमध्ये मात्र चाक जरासे डगमगले की संगणकाला वाटे, रस्ताच खराब आहे. तो तेल दाट करून ते डगमगणे मिटवून टाकी. तुम्हाला ताप येतो तेव्हा आईला कळते की आत काहीतरी बिघडले आहे. समजा, कुणी तुमचे अंग बाहेरून सारखे गारच ठेवले, तर आईला कसे कळणार? त्या जीपचे तसे झाले होते. ती इतकी चांगली होती की तिचे दुखणे कुणाला कळत नव्हते.

हात बदलायला कराडच्या वर्कशॉपमध्ये जायचे होते. तारीख मिळाली आठ महिन्यांनंतरची. नवे हात कमी, जीपा हजारो. मग तोवर काय? कंपनीने एक तात्पुरती चाचणी काढली. दर पंधरा दिवसांनी, रविवारी, मोबाइल त्या हाताला टेकवायचा, पान्ह्याने एक टोला द्यायचा आणि तो आवाज जीपच्या नंबरासकट पाठवायचा. आवाज चांगला असला तर पडद्यावर हिरवी खूण. नसला तर लाल खूण, आणि जीप स्वतःच स्वतःला बांधून घेई. ताशी वीसच्या वर वेग नाही, चारच्या वर माणसे नाहीत.

तेजलला ही चाचणी ऐकताक्षणी समजली, कारण माळी मॅडमनी ती वर्गात करून दाखवली होती. मॅडमनी दोन मडकी आणली होती. सारखीच लाल, सारखीच गोल. त्यांनी टेबलावर ठेवून बोटाच्या पेराने वाजवली. एक टण्ण वाजले आणि थोडा वेळ गुणगुणत राहिले. दुसरे बद्द वाजून गप्प झाले.

"दिसायला दोन्ही सारखी," मॅडम म्हणाल्या. "पण आपण टोला मारतो तेव्हा सगळं मडकं थरथरतं. मध्ये भेग असली की थरथर तिथंच अडते, पलीकडं जात नाही. डोळा फसतो रे, आवाज खोटं बोलत नाही."

मग त्यांनी तेजलचे डोळे बांधले आणि मडक्यांची अदलाबदल केली. तेजलने पाचही वेळा बरोबर ओळखले. मॅडम म्हणाल्या, "कान आहेत गं तुला."

पहिल्या रविवारी तेजल जीपखाली सरकली. मोबाइल टेकवला, पान्हा मारला.

बद्द.

तिने पुन्हा मारला. मग वडिलांनी मारला, जरा जोरात. पुन्हा तेच. पाठवला, तर पडद्यावर लाल खूण आली.

"मातीबिती चिकटली आसंल," वडील म्हणाले. त्यांनी चाकाचा हात धुतला, पुसला, पुन्हा वाजवला. लालच.

तुम्हाला वाटेल, बरे झाले, वेळेवर कळले. पण वडापच्या स्टँडचा एक नियम असतो. ज्याचा नंबर असेल त्याने वेळेत गाडी लावायची. नंबर चुकला की शेवटी जायचे. ताशी वीसने घाट उतरून चढून येईपर्यंत भगवानरावांचा नंबर निघून जाई. त्या आठवड्यात त्यांच्या दिवसाला दोनच खेपा झाल्या, त्याही चार माणसांच्या. जेवताना ते भाकरी मोडून ताटात तशीच ठेवीत.

तेजलने ते बघितले. आणि तिला एक कल्पना सुचली. हुशार मुलांना सुचतात तशी.

निवासकाका कदम हे स्टँडचे नंबर लावणारे. त्यांची जीप सगळ्यांत नवी होती, कच्च्या सांध्याच्या नंतर बनलेली. तिला रिकॉल नव्हता. तेजल वडिलांचा मोबाइल घेऊन निवासकाकांच्या जीपखाली शिरली.

टण्ण! आवाज कितीतरी वेळ गुणगुणत राहिला. तिने नंबर मात्र आपल्या जीपचा टाकला.

हिरवी खूण आली.

वडिलांनी पडद्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "हे बरं न्हवं, तेजल."

"फक्त एक डाव, पप्पा. पंधरा दिवसांपुरतं. तोवर कराडला फोन करून लवकरची तारीख मागू."

त्यांनी स्टँडच्या रांगेकडे पाहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "डोकं हाय बाकी माझ्या पोरीला," असे म्हणाले आणि जीप नंबरात लावली.

स्टँडवर एकाला जे माहीत ते दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत, आणि बाकीच्यांची चाचणी अजून व्हायचीच होती. त्यात त्या स्टँडची एक जुनी रीत होती. स्टेपनी, जॅक, ओढायचा दोर, चाकाखाली लावायचा ठोकळा, या वस्तू कुणा एकाच्या नव्हत्या. ज्याला लागेल त्याने ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून घ्यायच्या, विचारायचीही गरज नाही. या रीतीवरच तो स्टँड इतकी वर्षे टिकला होता. घाटात कुणी अडकले आणि दुसरा न थांबता पुढे गेला, असे कधी झाले नव्हते.

"आरं मग आवाज काय वेगळा हाय?" निवासकाका म्हणाले. "माझी स्टेपनी वापरता, आता आवाज बी वापरा. झिजतोय व्हय तो?"

सगळे हसले.

त्यानंतर दर चाचणीच्या रविवारी सकाळी आठ वाजता स्टँडच्या कट्ट्यावर वीस मोबाइल ओळीने मांडले जात. तेजल निवासकाकांच्या जीपखाली चटई टाकून झोपे. एकेक मोबाइल आत येई, एकेक टोला, एकेक हिरवी खूण. बाहेर गमतीजमती चालत.

"तेजलमॅडम, माझ्या गाडीला जरा गोड वाजवा."

"सर्जेरावच्या गाडीला सनईचा आवाज द्या, नवं लगीन झालंय त्याचं."

सर्जेराव लाजून हसे आणि तेजलला चिक्की आणून देई. त्याची जीप खरोखर कशी वाजते हे कुणी कधी वाजवून बघितलेच नाही. कशाला बघायचे? चांगला आवाज हाताशी होता.

दोन महिने असे गेले. मग सगळ्यांच्या पडद्यावर एकच निरोप आला. तेजलने मोठ्याने वाचला. "आपल्या भागातील सर्व वाहने उत्तम स्थितीत आढळली आहेत. त्यामुळे दुरुस्तीची आपली तारीख पाच महिने पुढे नेण्यात येत आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद."

"बघा!" निवासकाका म्हणाले. "आपल्या घाटाला दृष्ट लागंल आता. गाडीवर लिंबू-मिरची बांधा."

तेजल हसली नाही. तिच्या लक्षात आले होते.

तुमच्याही आले असेल. कंपनीचा मोठा संगणक हजारो आवाज ऐकून शिकत होता. नवे हात थोडेच होते, म्हणून जिथले आवाज वाईट तिथे ते आधी पाठवायचे, असे त्याला सांगितलेले होते. पठारावरून एकही वाईट आवाज येत नव्हता. त्याने हिशेब केला की या रस्त्यावर, या घाटात, हात टिकतात. मग त्याने पठाराचे हात दुसरीकडे पाठवले. एवढेच नाही. शेजारच्या खोऱ्यातही तसेच घाट होते आणि तिथली माणसे खरा आवाज पाठवत होती. पण घाटातल्या जीपांना धोका कमी, असे तो आमच्या तेजलकडून शिकला होता, म्हणून त्याने त्यांनाही मागे ढकलले. वाईट आवाज ओळखायला त्याला शिकवले होते. वीस जीपा एका सुरात कशा वाजतात, असा संशय घ्यायला कुणी शिकवले नव्हते.

"पप्पा, आपल्यामुळं तारीख पुढं गेली," ती घरी म्हणाली.

"पुढच्या महिन्यात सांगू सगळ्यांना."

"आपली जीप अजून बद्दच वाजते. मी काल वाजवून बघितली."

वडील एकदम तिच्याकडे वळले. "कशाला वाजवलीस?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "नगं वाजवत जाऊ."

त्यानंतरच्या बुधवारी, शाळा सुटल्यावर, दुपारी साडेचारला, सर्जेरावची जीप तिसऱ्या वळणावर आडवी झाली.

ती जोरात चालली नव्हती. आत बसलेल्या सहाही जणांनी नंतर हेच सांगितले, की काही जाणवलेच नाही. ना खडखड, ना हिसका. कुणीतरी मिसरीची डबी उघडत होते. आणि अचानक डावे चाक घोट्यातून मुरगळावे तसे आत वळले. कठडा होता म्हणून जीप दरीत गेली नाही. सर्जेरावचा पाय मांडीत दोन ठिकाणी मोडला. माळी मॅडमचे उजवे मनगट चुरगळले. बाकीच्यांना खरचटले.

जीव कुणाचा गेला नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही.

चौकशीला आरटीओचे साहेब आले. त्यांनी कंपनीकडून सर्जेरावच्या जीपचे आवाज मागवले. चारही वेळचे आवाज स्वच्छ होते. म्हणजे हात चांगला होता. म्हणजे तो जीप आदळल्यामुळे मोडला. म्हणजे जीप आदळली ती ड्रायव्हरच्या चुकीने. असा एकातून एक सरळ अर्थ निघत गेला आणि शेवटी सर्जेरावच्या अंगावर येऊन थांबला. लायसन काढून घेण्याची नोटीस त्याला दवाखान्यातच मिळाली.

पण तोही खरे काय ते बोलला नाही. खरे सांगितले असते तर वीसही जीपा थांबल्या असत्या. आपला स्टँड आपल्या तोंडाने बंद पाडायचा, हे त्याच्याने होईना. त्याने फक्त भेटायला आलेल्या निवासकाकांना विचारले, "काका, आता काय करायचं?" आणि निवासकाका म्हणाले, "तुझ्या घराकडं आम्ही बघतो. तू बरा हो." तेही मनापासून म्हणाले, मुलांनो. ती माणसे वाईट नव्हती.

तेजल त्या दिवसांत जेवायला बसे आणि न जेवताच उठे. आई कपाळाला हात लावून बघे, "अंग तर गार हाय तुझं," म्हणे.

मॅडम आठवड्याने शाळेत आल्या. हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी डाव्या हाताने खडू धरून बघितला, एक अक्षर काढले, ते सापासारखे आले. मुले हसली, मॅडमही हसल्या.

"तेजल, ये गं. तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगते, तू फळ्यावर लिही."

तेजल फळ्यापाशी गेली. मॅडम सांगत होत्या, ती लिहीत होती. पाठमोरी होती हे एक बरे होते.

सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "थांब जरा. तुझा कान चांगला आहे म्हणून तुला विचारते. ती मडकी आठवतात? आवाज खोटं बोलत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो."

"सर्जेरावच्या जीपचा आवाज अगदी स्वच्छ होता म्हणे. मी त्या साहेबांना म्हटलं, अहो, जीप सावकाश होती, मी आत होते. ते म्हणाले, बाई, मशीन चुकत नाही." मॅडम गळ्यातला हात दुसऱ्या हाताने सावरत होत्या. "रात्रभर विचार करते. मी शिकवलं त्यातच काही चुकलं असेल का? वीस वर्षं ते मडकं वाजवतेय. मुलांना चुकीचंच सांगत आले असेन, तर मग…"

तेजलला बोलता आले असते. तोंडात शब्द होते. पण ते बाहेर आले की पप्पांची जीप थांबणार, निवासकाकांची चौकशी होणार, वीस घरे तिच्याकडे बघणार. ती म्हणाली, "मला नाही माहीत, मॅडम," आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली.

शनिवारी वडील अंगणात जीप धूत होते. तेजल बादली आणून देत होती.

"पप्पा, उद्या रविवार आहे."

"व्हय."

"मी वाजवणार नाही."

वडिलांनी फडके पिळले. "नगं वाजवू. तुला मी पयल्याच दिवशी अडवायला पायजे व्हतं. पोरीनं वाट काढली म्हणून मी निमूट चाललो त्या वाटंनं. बाप मी का तू?"

"मग सगळ्यांना सांगा ना."

"काय सांगू? धा वर्सं झाली स्टँडवर. माझ्या गाडीचं चाक घाटात फुटलं तवा बाळंतीण आत व्हती, निवास आपली माणसं उतरवून मला घ्यायला आला. त्याच्या तोंडावर जाऊन काय सांगू?"

तेवढ्यात निवासकाकाच फाटकातून आले. "भगवान, उद्या पोरीला आठला धाड. आता एकोणीसच हायती. लवकर हुईल."

"ती येणार न्हाय, निवास."

निवासकाकांनी तेजलकडे पाहिले. ते रागावले नाहीत. "भ्याली व्हय गं? ऱ्हाऊ दे. लेकराचं काम न्हवं ते. मी वाजवतो की."

ते सहज बोलून निघून गेले. तेजल बादली धरून तशीच उभी राहिली. तिला वाटले होते, आपण नाही म्हटले की ते थांबेल. टोला मारायला काही तिचाच हात लागत नव्हता. तिने काढलेली वाट आता तिच्याशिवाय चालू राहणार होती.

रविवारी सकाळी कट्ट्यावर मोबाइल मांडले गेले. भगवानरावांचा मोबाइल त्यात नव्हता. ते जीप घेऊन आलेच नाहीत. तेजल लांब उभी होती. निवासकाका चटईवर आडवे झाले. टण्ण. टण्ण. टण्ण. हिरव्या खुणा येत गेल्या. पहिली जीप बाजारकऱ्यांनी भरली. चौदा माणसे, त्यात तिच्या वर्गातली दोन. कुणीतरी हाक मारली, "ए तेजल, येतीस का खाली? पुढची सीट हाय!"

"नको," ती म्हणाली आणि पायवाटेला लागली.

जीप जाते तो रस्ता सात किलोमीटरचा, पायवाट साडेतीनची, पण उभी. करवंदीच्या जाळ्यांतून ती थोडी उतरली असेल, तोच मागून दगड घरंगळल्याचा आवाज आला. वडील होते. धापा टाकत होते.

"कुटं चाललीस?"

"मॅडमच्या घरी."

"काय सांगणार हाईस?"

"सगळं."

"सगळं म्हंजी?"

"सगळ्यांचं. आपलं पण."

वडील खाली घाटाकडे बघत राहिले. भरलेली जीप दुसरे वळण घेत होती. इतक्या वरून ती अगदी गुळगुळीत रस्त्यावरून चालल्यासारखी दिसत होती.

"मी येऊ?"

"नको. तुम्ही असलात तर मला बोलायला नाही येणार."

त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. "खालच्या टप्प्याला दगड सुटल्यात. बेतानं उतर," ते म्हणाले, आणि ती जाळ्यांआड जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

शिंगणगावात मॅडमचे घर पोस्टाच्या मागे होते. मॅडम डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. दारात तेजलला बघून त्या उठल्या. "अगं, चालत आलीस? किती घामाघूम झालीस. आधी बस."

तेजल बसली नाही. बसली असती तर तिला पुन्हा उठता आले नसते, असे तिला वाटले.

"मॅडम, तुम्ही शिकवलं ते खरं आहे. आवाज खोटं बोलला नाही. तो आवाज सर्जेदादाच्या जीपचा नव्हताच. निवासकाकांच्या जीपचा होता. सगळ्यांना तोच पाठवला. मी वाजवला. सुरुवात मीच केली."

तांदळाचे ताट मॅडमनी खाली ठेवले. त्यांचा चेहरा बघायचे धाडस तेजलला झाले नाही, म्हणून ती त्यांच्या हाताच्या प्लास्टरकडे बघत राहिली. ते बघणे जास्तच कठीण होते.

मग मॅडमनी विचारले, "हे तू त्या साहेबांना सांगशील?"

"हो."

"तुझ्या वडिलांची जीपही जाईल."

"माहीत आहे."

"मी तुला कडेवर घेऊन वाचवू शकणार नाही, बाळा. रागावतील सगळे. मीही रागावलेय आत्ता, तुला खोटं कशाला सांगू?" मॅडमनी फळीवरून वही काढली. "पण आत्ता, या मिनिटाला जीपा घाटात आहेत. साहेबांचा नंबर आहे माझ्याकडं. तोंडी सांगितलेलं ते मनावर घ्यायचे नाहीत. लिहून, फोटो काढून लगेच पाठवू. माझ्यानं लिहवत नाही."

त्यांनी वही पुढे सरकवली.

तेजलने आधी स्वतःचे पूर्ण नाव लिहिले, इयत्ता लिहिली. मग काय केले ते लिहिले, चार ओळींत, काही न लपवता. मग तिने खाली एक ओळ सोडली. ज्या जीपांचा आवाज खोटा होता, त्या सगळ्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते. ते तिला स्टँडवरच्या रांगेप्रमाणे लिहिता आले असते. त्या रांगेत तिच्या घरची जीप सहावी होती.

तिने पहिल्या ओळीवर वडिलांच्या जीपचा नंबर लिहिला.